आयएसआय हेल्मेट, दीड वर्षानंतर: वस्तूचा अभिप्राय आणि तिच्या सक्तीचाही

या अभिप्रायाचा विषय पूर्ण चेहरा झाकणारे एक साधे हेल्मेट आहे. जून २०२४ मध्ये पुण्याच्या नाना पेठेतून ते मी १,४५० रुपयांना घेतले आणि तेव्हापासून कोथरूड ते शिवाजीनगर या रोजच्या जाण्यायेण्यात स्कूटरवर वापरत आले आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण याच घडणीची हेल्मेटे तीनचार कंपन्या जवळजवळ याच किमतीला विकतात, आणि शिवाय मला जे सांगायचे आहे ते कंपनीपेक्षा हेल्मेटच्या मागे असलेल्या एका छोट्या चिन्हाबद्दल, म्हणजे वस्तू सरकारी मानकाप्रमाणे बनली आहे असे सांगणाऱ्या आयएसआयच्या चिन्हाबद्दल, अधिक आहे. आपण स्वतःच्या पैशाने दुकानातून आणतो अशा वस्तूंपैकी फार थोड्या वस्तूंवर सरकारचा असा दुहेरी अंकुश असतो: ती कशी बनवावी हे कायदा कारखानदाराला सांगतो, आणि ती वापरलीच पाहिजे हे ग्राहकाला सांगतो. त्यामुळे हेल्मेट कसे आहे हे सांगताना सक्ती कशी आहे, हे सांगणे मला टाळता आले नाही.

माझे आधीचे हेल्मेट सक्तीच्या पहिल्या आठवड्यातले होते. १ जानेवारी २०१९ पासून पुणे पोलिसांनी शहरात हेल्मेटसक्तीची कारवाई जोरात सुरू केली, तेव्हा काय काय झाले ते पुणेकरांना सांगायला नको. एकीकडे विरोधाचे मोर्चे निघाले आणि दुसरीकडे रस्त्यारस्त्यांच्या पदपथांवर हेल्मेटांचे ढीग लागले. कर्वे रस्त्यावरच्या अशाच एका ढिगातून मी २५० रुपयांचे एक उचलले. विकणाऱ्याने त्याची मागची बाजू माझ्याकडे वळवून, "ताई, आयएसआय आहे, हे बघा," असे सांगितले, आणि तेथे आयएसआयचे चिन्ह छापलेला स्टिकर खरोखरच होता. पहिल्या पावसाळ्यात तो भिजून सुटला आणि माझ्या स्कार्फला चिकटून घरी आला. हेल्मेट मात्र पाच वर्षे टिकले, कारण ते कधी कशावर आदळले नाही. आणि चौकातल्या मामांनी पावती फाडू नये, या ज्या कामासाठी ते घेतले होते, ते काम त्याने चोख बजावले.

नव्या हेल्मेटचे वजन घरच्या काट्यावर १ किलो १५० ग्रॅम भरले. जुन्याच्या जवळजवळ दुप्पट. पहिला आठवडा मान भरून येत असे, पुढे सवय झाली, आणि आता वजनाची जाणीव होते ती फक्त मंडईत ते कोपरात अडकवून भाजी घेताना. पट्ट्याला दातेरी क्लिप आहे, ती हातमोजे घालूनही एका हाताने लागते आणि सुटते. जुन्या हेल्मेटची क्लिप तिसऱ्या महिन्यात तुटल्यावर मी पट्ट्याची गाठ मारत असे, हे आता लिहिताना मला लाज वाटते. काच स्वच्छ आहे, पण तिच्यावर ओरखडे लवकर उठतात. ओढणीच्या टोकाने पुसण्याची सवय याला कारणीभूत असावी. पावसात आणि सिग्नलला थांबल्यावर आतून वाफ धरते, तेव्हा काच एक खटका वर ठेवून चालवावे लागते. चष्मा घालणाऱ्यांनी दुकानात चष्म्यासह घालून पाहावे, कारण कानशिलाजवळची गादी जाड असली तर चष्म्याच्या काड्या अर्ध्या तासात बोचू लागतात. माझ्या बाबतीत तसे झाले नाही. हॉर्न ऐकू येत नाहीत ही नेहमीची तक्रार मला पटली नाही. पुण्यात हॉर्न ऐकू न येण्यासाठी हेल्मेटपेक्षा बरेच जाड काहीतरी लागेल. मे महिन्यातल्या दुपारी मात्र डोके उकडते, वरच्या दोन झरोक्यांतून येणारा वारा नावापुरता असतो, आणि अस्तर सुटे काढून धुता येत नसते तर मी ते वापरणे सोडले असते.

मापाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण पुण्यातल्या बायकांना येथे एक खास अडचण येते आणि दुकानदार तिचा उल्लेख करत नाही. डोळे सोडून सगळे डोके आणि चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळायची आमची जुनी रीत आहे, आणि दुकानात हेल्मेट मात्र आपण मोकळ्या डोक्यावर घालून पाहतो. ५८० मिलिमीटरचे माप मला दुकानात नेमके बसले. दुसऱ्या दिवशी स्कार्फवरून चढवले तेव्हा नळस्टॉपच्या सिग्नलपर्यंत पोचेतो कपाळ ठणकू लागले. एक माप मोठे घेऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण मऊ कापडावर बसलेले मोठे हेल्मेट धक्का बसताच सरकते आणि मग पट्ट्याचाही उपयोग राहत नाही. शेवटी मी स्कार्फ सोडला, आत पातळ सुती टोपी घालू लागले आणि अंबाड्याऐवजी वेणी घालते. हेल्मेटने माझ्या वागण्यात केलेला हा सर्वांत मोठा बदल, आणि सक्ती म्हणजे प्रत्यक्षात काय असते हे मला दंडापेक्षा याच बदलातून अधिक कळले.

नवे हेल्मेट आल्यावर जुन्याचे करायचे काय, हा प्रश्न होता. कोणाला दिले असते तर त्याच्या डोक्याशी खेळ झाला असता. म्हणून एका रविवारी गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून मी आणि माझ्या मुलाने ते लोखंड कापायच्या करवतीने मधोमध कापले. बराच जोर लागेल असे वाटले होते, पण बाहेरचे प्लास्टिक इतके ठिसूळ निघाले की दोनतीन ठिकाणी ते चिरत गेले आणि पुढचा तुकडा हातानेच मोडला. आत टाळूवर टीव्हीच्या खोक्यात येते तसे थर्मोकोल होते, करंगळीच्या निम्म्या जाडीचे, आणि दाबले की त्याचे मणी सुटून खाली पडत होते. कानशिलाजवळ थर्मोकोल नव्हतेच. काळ्या कापडाखाली स्पंजचा एक पत्रा चिकटवलेला होता. नव्या हेल्मेटचे अस्तर काढले की त्याच्या आतला थर कडेने दिसतो. तो घट्ट आहे, अंगठ्याच्या रुंदीहून जाड आहे, आणि कपाळापासून मानेपर्यंत सलग आहे. हेल्मेटचे मुख्य काम याच थराचे असते. डोके आदळते तेव्हा तो चिरडतो आणि चिरडण्यात जो क्षणांश जातो त्यात मेंदूला बसणारा धक्का कमी होतो. चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आदळलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी टाकून द्यायचे असते.

ही कापाकापी होईपर्यंत, म्हणजे पाच वर्षे, माझ्या डोक्यावर काय आहे हे मला माहीत नव्हते, आणि खासगी उद्योगावर सरकारने किती नियंत्रण ठेवावे या वादात माझे मत येथूनच सुरू होते. भाजी हातात घेऊन कळते, साडीचे सूत बोटांना कळते, वाईट हॉटेलात आपण दुसऱ्यांदा जात नाही. हेल्मेटचे तसे नाही. त्याचा कस एकदाच लागतो, आणि तो लागल्यावर ग्राहक तक्रार करण्याच्या स्थितीत असेलच असे नाही. वाईट माल बनवणारा आपोआप बाजारातून बाहेर फेकला जाईल, हा मुक्त बाजाराच्या बाजूचा मुद्दा येथे लागूच पडत नाही. उलट २५० रुपयांचे हेल्मेट १,४५० रुपयांच्या हेल्मेटला बाहेर फेकते, कारण पावती दोन्हींनी सारखीच वाचते.

म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये काढलेला आणि १ जून २०२१ पासून लागू झालेला गुणवत्ता नियंत्रण आदेश मला योग्य वाटतो. दुचाकीचे हेल्मेट आयएस ४१५१ या मानकाप्रमाणेच बनवले पाहिजे आणि त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, म्हणजे आयएसआय, असलेच पाहिजे, असे तो सांगतो. चिन्हाशिवाय असा माल बनवणे किंवा विकणे हा २०१६ च्या ब्युरोच्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २ लाख रुपये दंड होऊ शकतो. ग्राहकाच्या हातातही एक साधन दिलेले आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक. तो ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे की नाही ते दिसते. मी दुकानात उभी राहून हे केले, एक मिनिटही लागले नाही. दुकानदार म्हणाला, "वीस वर्षांत असं बघणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं." त्याला ते कौतुक वाटले की कटकट, हे मला नीट कळले नाही.

आता दुसरी सक्ती, वापरणाऱ्यावरची. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चार वर्षांवरील प्रत्येकाला, पुढे बसणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, हेल्मेट बंधनकारक करते. पगडी घालणाऱ्या शिखांना त्यातून सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने यासाठी हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवान्याची अपात्रता अशी तरतूद आली. यावर पुण्यातले ठरलेले उत्तर असते, "डोके आमचे आहे, फुटले तर आमचे फुटेल." हे उत्तर चेष्टेवारी नेण्यासारखे नाही. प्रौढ माणसाने स्वतःच्या शरीराबाबत घेतलेला निर्णय सरकारने का बदलावा, हा खरा प्रश्न आहे, आणि उद्या साखर किंवा वडापाव यांवरही हेच तर्कशास्त्र लावता येईल. तरीही मला ते पटत नाही. फुटलेले डोके शेवटी सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर येते, त्याचा हप्ता आणि त्याची मुले मागे राहतात, आणि मागे बसलेल्या बायकोने तर तो निर्णय बहुधा घेतलेलाच नसतो. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घालता मेलेल्या दुचाकीस्वारांची संख्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात ५०,०२९ आहे, आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे की हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. इतक्या मोठ्या फायद्यासाठी मान अवघडणे आणि केस विस्कटणे ही किंमत सरकारने माझ्याकडून वसूल केली तर माझी हरकत नाही.

हरकत आहे ती दोन सक्तींच्या वजनांतल्या फरकाला. घालणाऱ्याला पकडणे सोपे असते. तो चौकात स्वतःहून थांबतो, त्याचा नंबर कॅमेऱ्यात येतो आणि चलन मोबाइलवर पोचते. बनवणाऱ्याला पकडायचे तर कारखान्यात जावे लागते, नमुना उचलावा लागतो, तो प्रयोगशाळेत फोडावा लागतो. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दिलेल्या माहितीनुसार देशातल्या रस्त्यांवर २१ कोटींहून अधिक दुचाकी आहेत, १७६ उत्पादकांकडे वैध परवाने आहेत, आणि एका आर्थिक वर्षात ५०० हून अधिक नमुने तपासून ३० हून अधिक छापे टाकले गेले. दिल्लीतल्या एका कारवाईत परवाना संपलेल्या किंवा रद्द झालेल्या नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांहून अधिक हेल्मेटे जप्त झाली. हे काम चांगलेच आहे, पण २१ कोटींपुढे ५०० नमुने म्हणजे हिमालयापुढे मुरमाची टोपली. यावर कोणी म्हणेल की मग पदपथावरच्या विक्रेत्यालाच धरा. मला ते बरोबर वाटत नाही. वीस हेल्मेटे दोरीला टांगून उन्हात बसलेल्या माणसाला दोन लाखांचा दंड सुनावण्यात शौर्य नाही, आणि त्याच्याकडे माल कोणत्या गोदामातून येतो हे त्याला विचारण्याइतके साधे काम मात्र कोणी करताना दिसत नाही. गुटख्याचेही आपल्याकडे हेच झाले. महाराष्ट्रात त्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि तो कोठे मिळतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

वापरणाऱ्यावरची सक्तीसुद्धा राजकारणाच्या सोयीने पातळ होते, हे आपण पाहिलेच आहे. २०१९ च्या जानेवारीत सुरू झालेली पुण्यातली कारवाई त्याच वर्षी जूनमध्ये, शहरातल्या आमदारांनी मुख्यमंत्र्यांची भेट घेतल्यानंतर, शहरातल्या रस्त्यांपुरती थंडावली. कायद्याचे कलम होते तसेच राहिले. सहा महिन्यांत जे लोक घाईने पदपथावरून हेल्मेट घेऊन गेले त्यांनी ते माळ्यावर टाकले, आणि सक्ती म्हणजे चारदोन महिने काढायचे संकट, असा धडा घेतला.

सरकार जरुरीपेक्षा पुढे जाते त्या जागाही सांगायला हव्यात. मध्यंतरी हेल्मेटच्या मानकात वजनाची कमाल मर्यादा १.२ किलो अशी ठरवली गेली होती. हेतू चांगला होता, मानेवर भार नको. पण धक्का किती शोषला गेला पाहिजे हे ठरवणे सरकारचे काम आहे, तो किती ग्रॅममध्ये शोषायचा हे कारखानदारावर आणि गिऱ्हाइकावर सोडायला हवे. लांब पल्ल्याला मोटरसायकल चालवणाऱ्यांची परदेशी जड हेल्मेटे या एका आकड्याने बाद होत होती. ती मर्यादा पुढे काढली हे बरे झाले. तरी माझ्या भाच्यासारख्या माणसाचा प्रश्न राहतोच. त्याचे हेल्मेट युरोपच्या ईसीई मानकाचे आहे, माझ्याहून दहापट महाग आहे, आणि बहुधा माझ्याहून चांगलेही आहे; पण त्यावर आयएसआयचे चिन्ह नाही, म्हणून आपल्या कायद्याच्या लेखी त्याचे डोके उघडेच. परदेशातली चांगली प्रमाणपत्रे मान्य केली तर ब्युरोचे काही बिघडणार नाही.

जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने काढलेल्या मसुद्याबद्दलही माझे मत प्रतिकूल आहे. प्रत्येक नव्या दुचाकीबरोबर दोन हेल्मेटे देण्याचे बंधन कंपनीवर घालावे, असा तो प्रस्ताव. एक हेल्मेट द्यावे असा नियम आधीपासून आहेच, आणि त्याची किंमत गाडीच्या किमतीत कोठेतरी मिसळलेली असते. पण हेल्मेट हे टायरसारखे नसते, ते चपलेसारखे असते. माप ज्याचे त्याचे. मिळालेले हेल्मेट मोठे झाले तरी फुकटचे म्हणून लोक तेच घालतील, आणि ज्याच्याकडे चांगले आहे त्याच्या माळ्यावर आणखी दोन जातील. खरोखर मदत करायची तर माझ्या बिलाकडे पाहावे. १,४५० रुपयांत १८ टक्के जीएसटी होता, म्हणजे सुमारे २२१ रुपये. पदपथावरचे अख्खे हेल्मेट मी २५० रुपयांना घेतले होते. जी वस्तू न घातल्यास दंड, तीच घेतल्यास कर, हा हिशेब मला कोणत्याच बाजूने समजावून घेता आला नाही.

हेल्मेटकडे परत येते. दीड वर्षात काच एकदा बदलली, ती दुकानातच दोनशे रुपयांना मिळाली. गळ्याजवळचे अस्तर उसवू लागले आहे, आणि मागच्या बाजूचा रंग उन्हाने फिका पडला आहे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये ते एकदा सीटवरून फरशीवर पडले. आत डोके नव्हते, त्यामुळे फार बिघडले नसावे, पण खात्री कोणालाच देता आली नाही. शहरात रोज वीसपंचवीस किलोमीटर चालवणाऱ्याने हेच किंवा याच्या जवळपासचे हेल्मेट घ्यावे असे मी सांगेन. मापासाठी दुकानात पाच मिनिटे ते तसेच घालून उभे राहावे आणि हनुवटी धरून हलवून पाहावे. गाल हेल्मेटबरोबर हलले तर माप बरोबर आहे. डिक्कीत ते मावत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटवरही राज्यभर कारवाई होणार असे जाहीर झाले, तेव्हा यजमानांसाठी दुसरे घ्यायला गेले. या वेळी दुकान दुसरे होते, घराजवळचे, चांगले काचेच्या दाराचे. ९५० रुपयांच्या एका हेल्मेटवर आयएसआयचे चिन्ह होते, स्टिकर नव्हे, नीट छापलेले, आणि खाली परवाना क्रमांकही. ॲपमध्ये तो टाकला तर परवाना रद्द झाल्याचे दिसले. मी मोबाइल दुकानदारासमोर धरला. त्याने चष्मा वर करून वाचले आणि म्हणाला, "मॅडम, हा जुना स्टॉक असेल, तुम्ही हे दुसरं बघा." दुसऱ्याचा परवाना चालू होता, ते १,१०० रुपयांना होते, आणि ते मी घेतले. पैसे देऊन वळले तेव्हा त्याने पहिले हेल्मेट फडक्याने पुसून पुन्हा त्याच फळीवर, रस्त्यावरून दिसेल असे, समोर तोंड करून ठेवले होते. त्या क्रमांकाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. त्याच संध्याकाळी ॲपमधून तक्रार नोंदवली.